एकाच कुंडीत अनेक पानझाडे : जुळणी रंगांची करावी की मुळांची?

पानसळ

दोन वर्षांपूर्वी मी एका रुंद कुंडीत तीन झाडे एकत्र लावली होती. मध्यभागी पिवळ्या कडांचे स्नेक प्लांट, भोवती गडद लाल कोलियस आणि काठावरून खाली उतरणारा, पोपटी पानांचा शोभेचा रताळवेल. पहिले तीन-चार आठवडे ती कुंडी इतकी सुरेख दिसत होती, की येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबत असे. तिसऱ्या महिन्यात स्नेक प्लांटचे एक पान बुडापाशी मऊ पडून आडवे झाले, मग दुसरे, आणि अखेरीस मी ती कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. आत जे दिसले त्याने माझा या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. कोलियसच्या बारीक मुळांनी सगळी माती जाळीसारखी वेढून टाकली होती, रताळवेलाने कुंडीच्या भिंतीला टेकून बोटाएवढे कंद धरले होते आणि या दोघांच्या मधोमध स्नेक प्लांटचा जाड गड्डा कुजून काळा झाला होता.

चूक उघड होती. कोलियसला एक दिवस पाणी चुकले तरी त्याची पाने माना टाकतात, म्हणून मी रोज पाणी घालत होते. स्नेक प्लांट मात्र आपल्या जाड पानांत आणि गड्ड्यांत पाणी साठवून ठेवते आणि त्याला माती पूर्ण वाळल्यावरच पुढचे पाणी लागते. एकाची गरज भागवताना दुसऱ्याला मी रोज थोडे थोडे बुडवत होते. वर पाहिले तर रंगांची जुळणी अगदी बिनचूक होती. खाली मातीत मात्र त्या दोन झाडांचे कधी जमणारच नव्हते.

तेव्हापासून मी जुळणीचा क्रम उलटा केला आहे. आधी पाण्याची गरज, मग उजेड, मग वाढीचा वेग, आणि हे तिन्ही जुळल्यावरच पानांचा आकार आणि रंग. पाण्याच्या दृष्टीने मी झाडांचे ढोबळमानाने तीन गट करते. सतत दमट माती मागणारी कोलियस, कॅलेडियम, फर्न, कॅलेथिया आणि मरांटा ही एका गटात. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुकला की पाणी मागणारी अॅग्लोनिमा, सिंगोनियम, मनीप्लांट, क्रोटन, शेफलेरा, ड्रेसिना ही दुसऱ्या. पूर्ण कोरडे होणे ज्यांना मानवते ती स्नेक प्लांट, पेपेरोमियाचे मांसल पानांचे प्रकार आणि चंदेरी लव असलेली डस्टी मिलरसारखी झाडे तिसऱ्या. शेजारच्या गटातील झाडे थोड्या तडजोडीने एकत्र नांदतात. पहिल्या आणि तिसऱ्या गटाची सांगड मात्र मी पुन्हा घातलेली नाही.

उजेडाची परीक्षा सोपी आहे. भर दुपारी, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे तळहात वीतभर उंचीवर आडवा धरावा. सावलीची कड रेखीव पडली तर उजेड भरपूर आहे, पुसट पडली तर मध्यम, आणि सावली पडलीच नाही तर त्या जागेला अॅग्लोनिमा, मनीप्लांट यांच्यापलीकडे फारसे पर्याय नाहीत. क्रोटनची नवी पाने हिरवी असतात आणि भरपूर उजेड मिळाला तरच त्यांत पिवळा, केशरी, तांबडा रंग उतरतो. कमी उजेडात ते झाड जगले तरी ज्या रंगासाठी ते लावले तो रंगच हरवतो.

वाढीचा वेग हा मुद्दा मला सर्वांत उशिरा कळला. कोलियसचे छाटे दोन महिन्यांत गुडघ्याएवढे होतात, तर स्नेक प्लांट वर्षभरात मोजकीच पाने काढते. अशा दोघांना शेजारी लावले, की हळू वाढणारे झाड सावलीत जाते आणि ते आजारी आहे असे आपल्याला वाटू लागते.

आकाराबाबत सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा म्हणजे एक उंच झाड, एक-दोन भरीची आणि एक ओघळणारे. तो वाईट नाही. उंच झाड कुंडीच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट असावे, हेही ठीक. पण त्याच साच्यात काढलेल्या कुंड्या पाहून पाहून मला त्यांचा कंटाळा आला आहे. उथळ परातीसारख्या कुंडीत एकाच उंचीची, पण पानांचा पोत वेगळा असलेली तीन झाडे लावली तर तीही तितकीच खुलतात.

कुंडीत भरायच्या मिश्रणासाठी मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेले कंपोस्ट आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज कण) समप्रमाणात घेते, आणि निचऱ्यासाठी तळाशी खड्यांचा दोन इंची थर देते. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घेते, कारण त्यात क्षार असू शकतात.

आपल्याकडे कोणती जोडी वर्षाहून अधिक काळ टिकली, आणि कोणती वरवर शोभूनही फसली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती.

कुंडीकाठ

धागा आवडला. विशेषतः कुंडी उपडी करून पाहण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी, कारण पानझाडांच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर मातीच्या गोळ्यातच असते.

एका मुद्द्यावर मात्र माझी असहमती नोंदवतो, आणि तो मुद्दा म्हणजे तळाचा खड्यांचा थर. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. बारीक छिद्रांच्या मिश्रणातून पाणी खाली उतरते तेव्हा सर्वांत खालचा काही सेंटिमीटरचा भाग पूर्ण भिजलेलाच राहतो, कारण तेथे केशाकर्षणाची, म्हणजे बारीक छिद्रांनी पाणी धरून ठेवण्याची ओढ आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल साधलेला असतो. हे अडकलेले पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. वरचे मिश्रण अगदी तुडुंब झाल्याखेरीज ते खड्यांमध्ये टपकत नाही. म्हणजे खडे घातल्याने तो ओला पट्टा नाहीसा होत नाही, तो दोन इंच वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो, आणि मुळांसाठी उरलेली जागा तेवढी कमी होते.

हे पटत नसेल तर स्वयंपाकघरातील स्पंज घ्या. तो पाण्यात भिजवून आडवा धरा आणि ठिबकणे थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आणि त्याची छिद्रेही तीच, फक्त उंची बदलली. ओल्या पट्ट्याची जाडी मिश्रणाच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या आकारावर नव्हे. म्हणूनच एकच मिश्रण उथळ परातीत आणि खोल कुंडीत भरले, तर परातीतील मातीचा फार मोठा हिस्सा कायम ओला राहतो. आपण उथळ कुंडीची शिफारस केली आहे, ती दिसायला योग्यच आहे, पण तिच्यासाठी मिश्रण अधिक भरड हवे किंवा झाडे पहिल्या गटातील हवीत.

भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा खापराचा एक तुकडा पुरतो. निचरा हवा असेल तर भरडपणा संपूर्ण मिश्रणात असावा, तळाशी नव्हे. आणि बारीक वाळू कृपया घालू नका. ती पोकळ्या बुजवते.

पानसळ

कुंडीकाठ, स्पंजचा प्रयोग करून पाहिला. तो उभा केल्यावर पाव कपाहून अधिक पाणी पुन्हा गळले, आणि इतकी वर्षे वेचलेल्या खड्यांकडे मी जरा खजील होऊन पाहिले. खड्यांचा सल्ला मागे घेते. मूळ लेखात बदल करत नाही, म्हणजे आपला प्रतिसाद संदर्भाविना राहणार नाही.

उन्हंसावली

पाण्याच्या गटांबद्दल दुमत नाही, पण रंगाला शेवटच्या पायरीवर बसवणे मला मान्य नाही. टिकलेली पण निर्जीव दिसणारी कुंडी कोणाला हवी असते? आणि रंगांच्या जुळणीलाही पाण्याइतकेच ठोस नियम आहेत.

पहिला नियम शेजाराचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल हे पॅरिसमधील गोबेलँ येथील गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तेथे काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार आली, तेव्हा त्यांना आढळले, की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्याच्या रंगात आहे. दोन रंग लगत आले की डोळा त्यांच्यातील फरक वाढवून पाहतो, हे तत्त्व त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडले. कुंडीत याचा अनुभव रोज येतो. वाइनच्या रंगाचे कोलियस एकटे असताना मळकट तपकिरी वाटते, आणि त्याच्या शेजारी पोपटी रताळवेल आला की तेच पेटून उठते. याउलट लाल कोलियसशेजारी लाल-पिवळा क्रोटन लावला, तर दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात, कारण फरक दाखवायला शांत असे काही उरतच नाही.

म्हणून माझा स्वतःचा दंडक असा आहे, की प्रत्येक कुंडीत किमान एक झाड साध्या, एकरंगी हिरव्या पानांचे असावे. नवख्या हातून नेमके हेच सुटते. रोपवाटिकेत साध्या हिरव्या झाडाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आपण चार चित्रविचित्र पानांची रोपे उचलून आणतो आणि ती एकत्र लावल्यावर कुंडी कापडाच्या चिंध्यांच्या गाठोड्यासारखी दिसते. ठिपके, पट्टे आणि शिरा यांपैकी एकाच प्रकारची नक्षी एका कुंडीत ठेवावी. नक्षीदार पानातील एखादा रंग उचलून तो शेजारच्या एकरंगी पानात आणावा. उदाहरणार्थ, गुलाबी शिरांचे कॅलेडियम असेल तर शेजारी त्याच छटेच्या खोडाचे सिंगोनियम.

दुसरा नियम वेळेचा. ती कुंडी आपण दिवसाच्या कोणत्या वेळी पाहणार आहोत? उजेड मंदावू लागला की डोळ्याची लाल रंगाबाबतची संवेदनशीलता आधी कमी होते आणि हिरव्या-निळ्या छटा तुलनेने उजळ भासतात. एकोणिसाव्या शतकातील चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दुपारी दिमाखात मिरवणारे गडद लाल कोलियस सांजवेळी कुंडीतील काळे भोक होऊन बसते. तुम्ही दिवसभर कामात आणि संध्याकाळीच त्या कोपऱ्यात बसणारे असाल, तर पांढऱ्या पानांचे कॅलेडियम, चंदेरी अॅग्लोनिमा, पांढऱ्या कडांचे, गवतासारखे ओफिओपोगॉन हीच निवड योग्य.

आणि एक युक्ती. जुळणी पक्की करण्याआधी रोपे त्यांच्या पिशव्यांसकट शेजारी ठेवा, मोबाइलवर छायाचित्र काढा आणि त्यातील रंग काढून ते कृष्णधवल करा. त्या चित्रात पाने एकमेकांपासून वेगळी ओळखू आली तर जुळणी उत्तम. सगळे करड्या रंगाचा एकच ढीग दिसू लागले, तर तुमची कुंडी केवळ रंगाच्या आधारावर उभी आहे. पानांचे आकार आणि फिका-गडदपणा तिला साथ देत नाहीत. अशी कुंडी चार मीटरवरून पाहिली की विरघळून जाते.

तिसरा_फुटवा

कृष्णधवल छायाचित्राची कल्पना फारच उपयोगी. माझ्या पाच कुंड्यांपैकी तीन नापास झाल्या. त्यांतील एका कुंडीत फर्न, शोभेची शतावरी आणि बारीक पानांची अरेलिया अशी तिन्ही झुबकेदार झाडे एकत्र होती, हे इतके दिवस माझ्या लक्षातच आले नव्हते.

वाढीच्या वेगाबाबत थोडे वेगळे मत मांडतो. वेग न जुळणे ही अडचण आहे, पण ती कात्रीने सुटणारी आहे. पाणी न जुळणे कात्रीने सुटत नाही. कोलियसचा शेंडा तिसऱ्या-चौथ्या पेरावर खुडला की खालच्या दोन्ही बाजूंनी फुटवे येतात, आणि दर पंधरवड्याला एवढे पाच मिनिटांचे काम केले तर ते हळू झाडाच्या डोक्यावर कधीच जात नाही. फुलांचे तुरे दिसताच तेही काढून टाकावेत. ते राहू दिले तर झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि पाने लहान होतात. खुडलेले शेंडे पाण्यात ठेवले की आठवड्या-दीड आठवड्यात मुळे फुटतात, त्यामुळे म्हाताऱ्या, खाली लाकूड धरलेल्या झाडाच्या जागी नवे लावायला रोप तयार असते. मी कोलियसकडे कायमचे झाड म्हणून पाहतच नाही. ते कुंडीतले हंगामी भाडेकरू आहे.

रताळवेलाला मात्र कात्रीचा धाक नाही. वर छाटला तरी तो खाली कंद धरतच राहतो. शतावरीच्या मुळांनाही पाणी साठवणाऱ्या गाठी येतात आणि दोन वर्षांत त्या शेजाऱ्याला अक्षरशः बाहेर ढकलतात. या दोघांना मी स्वतंत्र कुंडी देतो आणि ती मोठ्या कुंडीला खेटून ठेवतो. लांबून ते एकत्रच दिसते.

नवीनकोंब

मी या विषयात अगदी नवीन आहे. वरील सल्ल्याप्रमाणे तळहाताची सावली पाहिली, तर ती पुसट पडते, म्हणजे मध्यम उजेड. जागा घरातच आहे आणि कुंडी ३० सेंटिमीटर व्यासाची, तितकीच खोल आहे. तिच्यात किती झाडे लावावीत? मला कॅलेथिया फार आवडते, पण एकदा आणली तेव्हा पानांच्या कडा तपकिरी होऊन ती गेली.

पानसळ

नवीनकोंब, त्या मापाच्या कुंडीत वीस लिटरच्या आत-बाहेर मिश्रण मावते. कायमच्या मांडणीसाठी तीन झाडे पुरेत. पाच लावली तर पहिल्याच दिवशी भरगच्च दिसेल आणि सहा महिन्यांत एकमेकांचा श्वास कोंडेल. पहिल्या दिवशी किंचित उघडी, थोडी अपुरी वाटणारी कुंडीच पुढे चांगली भरते.

मध्यम उजेडासाठी माझी सुचवण अशी : मागे चंदेरी पानांचे अॅग्लोनिमा, पुढे एका बाजूला साधे हिरवे पेपेरोमिया ऑब्ट्युसिफोलिया आणि काठावर पोपटी मनीप्लांट. पेपेरोमियाची पाने जाडसर असली तरी हा प्रकार वरचा थर सुकल्यावर पाणी घेतो, त्यामुळे तो अॅग्लोनिमाशी जमवून घेतो. तिघांचीही वाढ आटोक्यातली आहे, फक्त मनीप्लांटची टोके अधूनमधून छाटावी लागतील.

कॅलेथियाबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण ते झाड उगाच बदनाम झाले आहे. तिच्या पानांच्या देठापाशी एक लहान सांधा असतो, त्यातील पेशींतील पाण्याचा दाब बदलून ती पाने रात्री उभी मिटते आणि सकाळी पसरते. म्हणजे दाट गर्दीत तिला ही हालचाल करायला जागाच राहत नाही, आणि शेजाऱ्यांच्या पानांवर घासून तिच्या कडा फाटतात. कडा तपकिरी होण्याची नेहमीची कारणे म्हणजे कोरडी हवा, मुळे मध्येच सुकणे आणि पाण्यातील किंवा खतातील क्षार साचणे. तिला एकत्र कुंडीत लावायचेच असेल तर सोबत फर्न किंवा मरांटा घ्यावे, खत निम्म्या मात्रेचे द्यावे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून साठलेले क्षार खालून वाहून जाऊ द्यावेत. आणि पंख्याच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात ती कधीही ठेवू नये.

कंदमूळ

कॅलेडियमचा उल्लेख वर तीनदा आला, पण त्याचा मोठा स्वभावदोष कोणी लिहिला नाही. ते कंदावर वाढणारे झाड आहे आणि वर्षातून काही महिने विश्रांती घेते. पाने एकामागून एक पिवळी पडतात आणि शेवटी मातीवर काहीच उरत नाही. एकत्र मांडणीत याचा अर्थ असा, की ऐन मध्यभागी खड्डा पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्यांसाठी घातलेल्या पाण्याने झोपलेला कंद कुजतो. माझे पहिले सात कंद असेच गेले.

आता मी कॅलेडियम त्याच्या लहान प्लॅस्टिक कुंडीतच ठेवतो आणि ती कुंडी मोठ्या कुंडीच्या मातीत काठापर्यंत पुरतो. पाने गळू लागली की पाणी कमी करत आणतो, छोटी कुंडी अलगद उचलून कोरड्या, उबदार जागी ठेवतो आणि तिच्या खाचेत तेवढ्याच मापाच्या कुंडीतील दुसरे काहीतरी बसवतो. कंद १५ अंश सेल्सिअसच्या खाली थंडीत राहू देऊ नये. पुन्हा लावताना तो चार-पाच सेंटिमीटर खोल, डोळे वर करून ठेवावा. मध्यभागीचा सर्वांत ठळक डोळा टोकदार सुरीने काढून टाकला तर बाजूचे डोळे जागे होतात आणि पाने संख्येने जास्त येतात, आकाराने किंचित लहान.

या कुंडीत कुंडी पद्धतीने पानसळ यांची मूळ अडचणही सुटते असे मला वाटते. स्नेक प्लांट आपल्या वेगळ्या कुंडीत, वेगळ्या भरड मिश्रणात ठेवून कोलियसच्या मधोमध बसवता येईल.

कुंडीकाठ

कंदमूळ, कॅलेडियमसाठी ही पद्धत उत्तम, पण स्नेक प्लांटसाठी मला शंका आहे. आतल्या कुंडीच्या तळाची भोके बाहेरच्या ओल्या मातीला टेकलेली असतील, तर ती ओल आत खेचली जाईलच. भोके आणि माती यांच्यामध्ये हवेची पोकळी राहील अशी व्यवस्था करावी लागेल, म्हणजे आतली कुंडी दुसऱ्या रिकाम्या कुंडीत उभी करून ती जोडी पुरावी लागेल. इथे खडे चालतील, पण आतल्या कुंडीखाली. पानसळ, टाकू नका ते.

काठभर_माती

आकारमानाबद्दल एक गणित, जे मला माझ्या पाठीने शिकवले. कुंडीचा व्यास आणि खोली दोन्ही दुप्पट केली तर आतील माती दुप्पट नव्हे, आठपट होते. याचा फायदा असा, की मोठ्या कुंडीतील ओल फार सावकाश उतरते, म्हणून वेगवेगळ्या सवयींची झाडे लहान कुंडीपेक्षा मोठ्या कुंडीत अधिक सांभाळून घेतली जातात. तोटा असा, की वीस लिटर ओली साधी माती तीस किलोच्या पुढे जाते. गच्चीवर किंवा सज्जात मोठी मांडणी करायची असेल तर कोकोपीट-पर्लाइटचे हलके मिश्रण वापरावे आणि कुंडी तिच्या जागेवर ठेवूनच भरावी. भरून मग हलवणाऱ्याचे काय होते, ते मी सांगत नाही.

भाजलेल्या मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, त्यामुळे तिसऱ्या गटाला ती मानवते. पहिल्या गटासाठी प्लॅस्टिक किंवा चकाकी दिलेली कुंडी बरी. काळ्या धातूची कुंडी उन्हात ठेवू नये, कडेची मुळे भाजतात.

तिसरा_फुटवा

अनेक जण विचारतात म्हणून लिहितो : बहुरंगी झाडाला मध्येच साधी हिरवी फांदी आली तर ती ठेवू नका. अशा झाडांत बहुधा दोन वेगळ्या पेशीसमूहांचे थर एकाच खोडात नांदत असतात आणि कधी कधी हिरवा थर वरचढ ठरतो. हिरव्या फांदीत हरितद्रव्य अधिक, म्हणून ती वेगाने वाढते आणि वर्षभरात सगळे झाडच हिरवे होते. ती जिथून फुटली त्याच्या खालच्या, रंगीत पानाच्या पेरापर्यंत छाटावी. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावले तर पिवळी कड येत नाही, साधी हिरवी रोपेच येतात, तेही याच कारणाने. कड हवी असेल तर गड्डा फोडूनच वाढवावे.

एक मौजेची गोष्ट : कोलियसचा लाल आणि इरेसिन किंवा अल्टरनॅन्थेराचा लाल डोळ्याला सारखे वाटतात, पण ती वेगळी रंगद्रव्ये आहेत. कोलियसमध्ये अँथोसायनिन असते, तर ही दुसरी दोन झाडे माठाच्या कुळातील असल्याने त्यांच्यात बीटासारखे बीटालेन असते. शेजारी लावली तर एक लाल किंचित जांभळ्याकडे आणि दुसरा किरमिजीकडे झुकलेला जाणवतो. उन्हंसावली यांनी सांगितलेल्या शेजाराच्या नियमाने तो बारीक फरकही उठून दिसतो, आणि तो मला तरी खटकतो.

सावधपाऊल

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर एवढे ध्यानात असावे, की अॅग्लोनिमा, कॅलेडियम, सिंगोनियम, मनीप्लांट, डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातील झाडे आहेत आणि त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. क्रोटनच्या चिकानेही काहींच्या त्वचेवर पुरळ येतो. अशा घरी ओघळणारे झाड म्हणून मनीप्लांटऐवजी बोस्टन फर्न घेता येईल. कॅलेथिया, मरांटा आणि पेपेरोमियाही निर्धोक आहेत.

दुसरे, नवे रोप आणले की किमान दोन आठवडे वेगळे ठेवा. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत लपून येतो आणि दाट मांडणीत एकदा शिरला की कोणत्या झाडापासून सुरुवात झाली हेही कळत नाही. माझ्याकडे तो एका क्रोटनवरून सगळ्या कोलियसवर पसरला. शेवटी प्रत्येक पेर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे लागले, तीन वेळा.

उन्हंसावली

नवीनकोंब, कुंडी भरून झाली असेल तर कळवा. आणि पेपेरोमिया डाव्या बाजूला ठेवले की उजव्या, तेही. ठिकठिकाणी सममिती साधण्याचा मोह होतो, पण उंच झाड नेमके मध्यावर न ठेवता थोडे मागे आणि एका बाजूला सरकवले, तर तीनच झाडे असूनही कुंडी भरलेली वाटते.

नवीनकोंब

सर्वांचे आभार. अॅग्लोनिमा मागे, जरा उजवीकडे आहे, पेपेरोमिया डावीकडे. मातीची पातळी काठाच्या दोन बोटे खाली ठेवली, म्हणजे पाणी घालताना ते बाहेर सांडत नाही. कृष्णधवल छायाचित्रात अॅग्लोनिमा आणि मनीप्लांट एकमेकांत मिसळत होते, म्हणून मनीप्लांट पुढच्या काठावर पेपेरोमियाच्या बाजूला नेला. आता तिन्ही वेगळी दिसतात. कॅलेथिया वेगळ्या कुंडीत आणणार आहे, पण पुढच्या महिन्यात.

पानसळ

मीही या आठवड्यात ती जुनी रुंद कुंडी पुन्हा भरली. स्नेक प्लांट कुंडीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे दुहेरी कुंडीत बसवले आहे आणि बाहेरच्या कुंडीच्या तळाशी तेच खडे आहेत. भोवती यंदा कोलियसऐवजी ऱ्होयो लावला. त्याच्या पानांची खालची बाजू जांभळी असल्याने लाल रंगाची उणीव भासत नाही आणि पाणी एक-दोन दिवस चुकले तरी तो कुरकुरत नाही. रताळवेलाला वेगळी कुंडी मिळाली आहे, ती शेजारी खेटून ठेवली आहे. स्नेक प्लांटची माती किती दिवसांत सुकते हे पाहण्यासाठी त्यात एक लाकडी काडी खोचून ठेवली आहे. पाचव्या दिवशी उपसून पाहिली तर वरचे दोन तृतीयांश कोरडे होते आणि टोक अजून ओले. सहा महिन्यांनी कुंडी पुन्हा उपडी करून आतली स्थिती येथेच लिहीन.